धर्म नागरिकाचा, कसोटी शासनाची

भारतासारख्या देशात शासनाला धर्माकडे पाठ फिरवून राज्यकारभार करता येत नाही. विवाहाची नोंद, वारसाहक्काचा दाखला, देवस्थान इनामाची जमीन, मिरवणुकीचा परवाना, ध्वनिक्षेपकाची वेळ, शाळेतील प्रार्थना, सणांच्या सुट्या आणि जनगणनेच्या तक्त्यातील धर्माचा रकाना अशा असंख्य ठिकाणी तहसीलदारापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रत्येकाची धर्माशी गाठ पडते. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत हिंदू सुमारे ७९.८ टक्के, मुस्लिम १४.२ टक्के, ख्रिस्ती २.३ टक्के, शीख १.७ टक्के, बौद्ध ०.७ टक्के आणि जैन ०.४ टक्के होते. यांपैकी प्रत्येक धर्मात पंथ, संप्रदाय आणि जातीनिहाय आचार इतके आहेत की एकाच गावातील एकाच धर्माच्या दोन कुटुंबांचे विधीही पुष्कळदा सारखे नसतात. अशा समाजात शासनाने धर्माशी कसे वागावे, या प्रश्नाला ‘सर्व धर्म समान मानावेत’ एवढे उत्तर पुरेसे नाही. कारण समान मानणे म्हणजे सर्वांपासून सारखे दूर राहणे, सर्वांना सारखी मदत करणे की सर्वांवर सारखा अंकुश ठेवणे, हे त्या उत्तरातून कळत नाही.

या लेखाचे प्रतिपादन असे आहे की, शासनाने धर्माशी वागताना धर्मसमुदायाला नव्हे तर नागरिकाला एकक मानावे. धर्मसंस्थेचे संरक्षण करायचे ते नागरिकाला तिची गरज असते म्हणून, आणि धर्मसंस्थेत हस्तक्षेप करायचा तो नागरिकाचा हक्क तेथे तुडवला जातो म्हणून. ही कसोटी सोडली की शासन एक तर धर्मगुरूंचे मिंधे होते, नाही तर स्वतःच धर्मगुरू होऊन बसते.

चार देश, चार वाटा

धर्म आणि राज्यसंस्था यांच्या संबंधाची सर्वमान्य अशी एकच रीत जगात कोठेही नाही. प्रत्येक देशाची रीत त्याच्या इतिहासातून घडली आहे. इंग्लंडमध्ये ‘चर्च ऑफ इंग्लंड’ हे आजही अधिकृत चर्च असून राजा हा त्याचा सर्वोच्च शासक (सुप्रीम गव्हर्नर) असतो आणि हाऊस ऑफ लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात २६ बिशपांना पदसिद्ध जागा असतात. तरीही इतर धर्मीयांचे आणि धर्म न मानणाऱ्यांचे नागरी हक्क तेथे सुरक्षित आहेत. अमेरिकेच्या संविधानातील १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला, कोणताही धर्म राजधर्म म्हणून प्रस्थापित करण्यास आणि कोणाच्याही धर्माचरणाच्या स्वातंत्र्याला बाध आणण्यास मनाई केली. मुळात वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या लोकांनी वसवलेल्या वसाहतींच्या त्या देशात एका पंथाचे राज्य म्हणजे दुसऱ्याचा छळ, हे अनुभवाने कळले होते.

फ्रान्सची वाट अधिक कठोर आहे. ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने फ्रेंच प्रजासत्ताकाने सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी दिली आणि त्याबरोबरच कोणत्याही धर्मपंथाला मान्यता, वेतन किंवा अनुदान देणार नाही असे जाहीर केले. तेथे हे तत्त्व ‘लाईसिते’ या नावाने ओळखले जाते. कॅथलिक चर्च आणि प्रजासत्ताकवादी यांच्यातील दीर्घ संघर्षातून हा कायदा जन्मला असल्यामुळे सार्वजनिक जीवनातून धर्माला बाजूला ठेवणे हे तेथे स्वातंत्र्याचेच लक्षण मानले गेले, आणि २००४ मध्ये सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक चिन्हे धारण करण्यास बंदी करणारा कायदा त्याच विचारातून आला. तरीही आल्सास आणि मोझेल हा भाग १९०५ मध्ये जर्मनीच्या ताब्यात असल्याने तेथे तो कायदा आजही लागू नाही आणि काही धर्मगुरूंना सरकारी वेतन मिळते. तुर्कस्तानात याच्या नेमके उलट घडले. तेथील प्रजासत्ताकाने १९२४ मध्ये ‘दियानेत’ नावाचे सरकारी धर्मव्यवहार खाते स्थापून मशिदी आणि इमाम यांचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. राज्य धर्मापासून वेगळे झाले असे म्हणताना धर्म मात्र राज्याच्या नोकरीत आला.

या चार उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. धर्म आणि राज्य यांच्यामधली भिंत किती उंच आहे यावरून नागरिक किती मोकळा आहे हे ठरत नाही. ज्या देशात अधिकृत चर्च आहे तेथे अल्पसंख्य सुरक्षित असू शकतो आणि जेथे राज्य धर्मापासून फटकून वागते तेथे एखाद्या मुलीला आपली वेशभूषा शाळेच्या दाराशी उतरवावी लागू शकते. म्हणून व्यवस्थेच्या नावापेक्षा तिच्यात राहणाऱ्या नागरिकाची स्थिती पाहणे अधिक योग्य ठरते.

संविधानसभेतील पेच

भारतात राज्यसंस्था धर्मापासून पूर्णपणे अलिप्त अशी कधीच नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८१७ च्या नियमनानुसार मद्रास इलाख्यातील देवस्थानांच्या उत्पन्नावर देखरेख ठेवली. ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी मूर्तिपूजेचा कारभार पाहावा याला मिशनऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतल्यावर सरकारने हळूहळू अंग काढून घेतले आणि १८६३ च्या कायद्याने ती जबाबदारी स्थानिक समित्यांकडे सोपवली. त्यानंतरच्या काळात अस्पृश्यांना मंदिरप्रवेश नाकारला जात असताना ‘धर्मात ढवळाढवळ नको’ या धोरणाचा लाभ कोणाला होतो, हे १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सत्याग्रहाने देशाला दाखवून दिले. शासनाची अलिप्तता ही त्या ठिकाणी तटस्थता ठरत नव्हती. दार बंद ठेवणाऱ्याच्या बाजूने ती उभी होती.

संविधानसभेपुढचा पेच हाच होता. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांनी ‘धर्माचे मुक्त आचरण’ या हक्काला हरकत घेतली, कारण धर्माचरणाच्या नावाखाली देवदासी, पडदा यांसारख्या प्रथांना संरक्षण मिळेल आणि स्त्रियांच्या हिताचे कायदे रद्द ठरतील अशी रास्त भीती त्यांना वाटत होती. दुसऱ्या बाजूला फाळणीच्या रक्तपातातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अल्पसंख्याकांना आपला धर्म या देशात सुरक्षित राहील असे आश्वासन हवे होते. या दोन्ही मागण्या न्याय्य होत्या आणि त्या दोहोंना सामावून घेणारी रचना अनुच्छेद २५ ते २८ मध्ये करण्यात आली.

अनुच्छेद २५ प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो. परंतु तो हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन ठेवला आहे. त्याच अनुच्छेदाने धर्माशी निगडित आर्थिक, राजकीय व इतर ऐहिक व्यवहारांचे नियमन करण्याची, समाजसुधारणेचे कायदे करण्याची आणि सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थळे सर्व हिंदूंना खुली करण्याची मुभा शासनाला दिली आहे. अनुच्छेद २६ धर्मसंप्रदायांना धार्मिक बाबींचा कारभार स्वतः पाहण्याचा हक्क देतो, तर अनुच्छेद २७ एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर देण्याची सक्ती कोणावरही करू देत नाही. अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. या रचनेला राजीव भार्गव या राज्यशास्त्रज्ञांनी ‘तत्त्वनिष्ठ अंतर’ असे म्हटले आहे. म्हणजे शासनाने प्रत्येक धर्मापासून यांत्रिकपणे सारखेच दूर राहावे असे नाही, तर स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा या मूल्यांना जेथे गरज असेल तेथे जवळ जावे, जेथे नसेल तेथे दूर राहावे. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द संविधानाच्या उद्देशिकेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला असला तरी हे तत्त्व मूळ अनुच्छेदांतच होते, आणि १९९४ मध्ये एस. आर. बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचे मान्य केले.

धर्मादाय आयुक्तांचा कायदा

ही रचना प्रत्यक्षात कशी चालते याचा उत्तम नमुना तत्कालीन मुंबई राज्यातच मिळतो. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने मंदिरे, मठ, इतर धर्मस्थळे आणि धर्मादाय संस्था यांना नोंदणी करणे, हिशेब ठेवणे आणि ते तपासून घेणे बंधनकारक केले व त्यावर देखरेख करण्यासाठी धर्मादाय आयुक्त हे पद निर्माण केले. कायदा एका धर्मापुरता नव्हता, त्यामुळे विरोधही एका धर्माचा नव्हता. जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त अशा दोघांनीही त्याला न्यायालयात आव्हान दिले.

१९५४ मध्ये रतिलाल पानाचंद गांधी खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची रेषा आखली. भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब मागणे हे ऐहिक नियमन आहे, म्हणून तो अधिकार शासनाला आहे. पण धार्मिक संस्थेचा विश्वस्त म्हणून खुद्द धर्मादाय आयुक्तांचीच नेमणूक करण्याची तरतूद मात्र धर्माच्या अंतर्गत कारभारात शिरते, म्हणून ती टिकू शकत नाही. संस्थांकडून घेतली जाणारी अंशदानाची रक्कम हा ‘कर’ आहे, असाही आक्षेप होता. ती देखरेखीच्या सेवेच्या बदल्यात घेतलेले ‘शुल्क’ आहे, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला. कर हा सरकारच्या सर्वसाधारण खर्चासाठी सक्तीने वसूल होतो, तर शुल्क हे विशिष्ट सेवेपोटी आकारले जाते.

या निकालात दडलेले व्यवहारज्ञान मोलाचे आहे. देवापुढे ठेवलेला पैसा पुजाऱ्याचा नाही, विश्वस्ताचा नाही आणि सरकारचाही नाही. तो ज्या हेतूने दिला गेला त्या हेतूसाठी खर्च होतो की नाही हे पाहणे एवढेच शासनाचे काम आहे. हिशेब तपासणाऱ्याने पूजा कशी करावी हे सांगू नये आणि पूजा करणाऱ्याने हिशेब दाखवण्यास नकार देऊ नये, इतकी स्वच्छ विभागणी त्यात आहे.

धर्माचा अर्थ कोणी लावायचा?

अडचण सुरू होते ती ‘धार्मिक’ काय आणि ‘ऐहिक’ काय हे ठरवण्यापासून. २ डिसेंबर १९४८ रोजी संविधानसभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी असे मांडले होते की, या देशातील धर्मकल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या सगळ्या जीवनाला व्यापतात आणि ही व्याप्ती जशीच्या तशी मान्य केली तर कोणतीही सामाजिक सुधारणा अशक्य होईल. म्हणून धर्माची व्याख्या मुळातच धार्मिक असलेल्या श्रद्धा आणि विधींपुरती मर्यादित केली पाहिजे. त्यांचा प्रश्न असा होता की अमुक बाब स्वरूपाने धार्मिक आहे की लौकिक.

पुढील काळात न्यायालयांनी मात्र हळूहळू वेगळाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात धर्माचे आवश्यक अंग कोणते हे त्या धर्माच्याच सिद्धांतांवरून ठरवावे असे म्हटले गेले. १९६१ च्या अजमेर दर्गा समितीच्या खटल्यात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी अंधश्रद्धेतून आलेल्या आणि मूळ धर्माला उपऱ्या असलेल्या प्रथा संरक्षणास पात्र नसल्याचे सूचित केले. यातूनच ‘अत्यावश्यक धर्माचरण’ हा निकष रूढ झाला: प्रथा धर्माचे अत्यावश्यक अंग असेल तर तिला संरक्षण, नसेल तर नाही. हेतू सुधारणावादी होता हे निःसंशय. परंतु परिणामी न्यायाधीशांना धर्मग्रंथ चाळून खरा धर्म कोणता हे सांगण्याचे काम अंगावर घ्यावे लागले. कर्नाटकातील शैक्षणिक संस्थांमधील हिजाबच्या वादात मार्च २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने हाच निकष लावला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांत मतभेद झाले. डोक्यावर हिजाब घ्यायचा की नाही हा एखाद्या मुलीचा निर्णय तिच्या धर्माच्या आवश्यकतेच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हावा लागतो, ही स्थिती तिच्या स्वातंत्र्याचाही मान राखत नाही आणि धर्माचाही.

या निकषाचा दुसरा धोका मुंबई राज्याच्याच एका कायद्याने उघड केला. १९४९ च्या कायद्याने कोणत्याही समाजाच्या प्रमुखाला सभासदाला बहिष्कृत करण्यास बंदी घातली होती. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख सय्यदना यांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कायदा रद्द केला, कारण धार्मिक कारणासाठी बहिष्कृत करणे हा संप्रदायाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे असे त्याचे मत पडले. सरन्यायाधीश भु. प्र. सिन्हा यांनी एकट्याने वेगळे मत नोंदवले. बहिष्कारामुळे माणूस आपल्या नागरी हक्कांना मुकतो आणि त्याची अवस्था अस्पृश्यासारखी होते, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांची नजर नागरिकावर होती. बहुमताची नजर संप्रदायावर होती. हा प्रश्न अजूनही मिटलेला नाही, कारण फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. दरम्यान महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ मध्ये संमत केला, तो २०१७ पासून अमलात आला आणि जातपंचायतींनी किंवा समाजगटांनी कुटुंब वाळीत टाकणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा ठरला. पाणवठा, दुकान, लग्नकार्य आणि स्मशान यांपासून ज्याला तोडले जाते त्याला आधी नागरिक म्हणून जगू देणे हे शासनाचे पहिले कर्तव्य आहे, आणि ते बजावण्यासाठी त्याच्या धर्मशास्त्रात डोकावण्याची गरज नाही.

मंदिराचा कारभार आणि सरकारचा हात

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी हरिजनांना मंदिर खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि दार उघडले. मात्र बडवे, उत्पात आणि इतर सेवाधारी यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा आणि भाविकांच्या होणाऱ्या अडवणुकीचा प्रश्न उरला होता. न्या. बा. दा. नाडकर्णी यांच्या चौकशीनंतर १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला, त्यावर चार दशके न्यायालयीन लढाई चालली आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने वंशपरंपरागत हक्कांचा अध्याय संपला. या हस्तक्षेपाचे समर्थन करता येते, कारण लाखो वारकऱ्यांच्या दर्शनाच्या हक्कावर मूठभर घराण्यांची मालकी होती.

परंतु हस्तक्षेप एकदा सुरू झाला की तो कोठे थांबवायचा, हा प्रश्न तितकाच गंभीर आहे. अनेक राज्यांत मंदिरांच्या समित्यांवर सत्ताधारी पक्षाचे कार्यकर्ते नेमले जातात, देवस्थानाचा निधी सरकारी योजनांकडे वळवण्याचा मोह होतो, आणि हिंदू मंदिरांवर सरकारी नियंत्रण असताना इतर धर्मीयांच्या संस्था तुलनेने मोकळ्या आहेत अशी भावना बळावते. ही तक्रार निव्वळ राजकीय म्हणून उडवून लावणे योग्य नाही. इतर धर्मीयांच्या संस्था कायद्याबाहेर आहेत असे नाही, कारण वक्फ मालमत्तांसाठी स्वतंत्र कायदा आहे, पंजाबातील गुरुद्वारांसाठी १९२५ चा कायदा आहे आणि नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारासाठी १९५६ चा कायदा आहे. तरीही नियंत्रणाची पद्धत आणि प्रमाण सारखे नाही हे खरे आहे. यावर उपाय असा की शासनाने कोणत्याही धर्मस्थळाचे यजमानपद स्वीकारू नये. अन्याय किंवा अपहार सिद्ध झाला तर ठरावीक मुदतीसाठी कारभार हाती घ्यावा, तो सुधारून भाविकांच्या प्रतिनिधींकडे परत द्यावा आणि हिशेबतपासणीचा नियम सर्व धर्मांच्या संस्थांना एकसारखा लावावा.

प्रवेशाच्या प्रश्नातही हीच समान कसोटी लावता येते, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दाखवून दिले. १ एप्रिल रोजी सामाजिक कार्यकर्त्या विद्या बाळ आणि सहकारी यांच्या याचिकेवर, १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याचा आधार घेऊन, न्यायालयाने स्त्रियांना मंदिरात जाण्यापासून कोणी रोखू शकत नाही असे सांगितले आणि त्यानंतर शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. २६ ऑगस्ट रोजी भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या याचिकेवर हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात स्त्रियांना घातलेली बंदी रद्द झाली. दोन्ही ठिकाणी न्यायालयात गेलेल्या स्त्रियांच्या मागे भाविक स्त्रिया होत्या. धर्म सोडण्याची त्यांची इच्छा नव्हती. स्वतःच्या धर्मात बरोबरीची जागा त्यांना हवी होती.

व्यक्तिगत कायदे आणि आतून येणारी सुधारणा

विवाह, घटस्फोट, पोटगी आणि वारसा यांचे धर्मनिहाय नियम म्हणजे व्यक्तिगत कायदे. १९५५-५६ मध्ये हिंदूंच्या व्यक्तिगत कायद्यात संसदेने मोठे बदल केले; त्याआधी हिंदू संहितेचे विधेयक रखडल्याने डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. मुस्लिम स्त्रियांच्या बाबतीत मात्र शासन धर्मनेत्यांचे मत हेच समाजाचे मत मानत राहिले. १९८५ च्या शाहबानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीचा पोटगीचा हक्क मान्य केल्यावर १९८६ मध्ये संसदेने तो आकुंचित करणारा कायदा केला, हे याचे ठळक उदाहरण होय. आवाज समाजातून येत नव्हता असे नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेऊन तोंडी तलाक रद्द करण्याची मागणी केली होती आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले होते. तिहेरी तलाक असांविधानिक ठरला तो ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे त्या मोर्चानंतर ५१ वर्षांनी. समुदायाचा आवाज म्हणून केवळ त्याच्या पुढाऱ्यांचा आवाज ऐकण्याची किंमत त्या अर्धशतकातील स्त्रियांनी मोजली.

समान नागरी कायद्याच्या चर्चेत गोव्याचा दाखला नेहमी दिला जातो. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कौटुंबिक बाबतीत आजही चालते, विवाहाची नागरी नोंद आवश्यक असते आणि पती-पत्नीच्या मालमत्तेत सामाईक हक्काचे तत्त्व मानले जाते. या व्यवस्थेचे गुण मान्य करतानाच हेही सांगितले पाहिजे की ती संपूर्ण समान नाही; गोव्यातील हिंदूंच्या रूढींची १८८० ची संहिता पत्नीला ठरावीक वयापर्यंत अपत्य किंवा मुलगा न झाल्यास हिंदू पुरुषाला दुसऱ्या विवाहाची मुभा देते आणि चर्चमध्ये झालेल्या कॅथलिक विवाहांसाठीही वेगळ्या तरतुदी आहेत. यावरून बोध असा की कायदा सर्वांना एकच आहे की नाही, यापेक्षा त्यातील प्रत्येक कलम स्त्रीला न्याय देते की नाही, हे आधी तपासले पाहिजे.

धर्मांतराची किंमत

सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा सर्वांत भव्य वापर महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. देशातील बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक २०११ मध्ये महाराष्ट्रात होते. पण ज्या संविधानाने हे स्वातंत्र्य दिले, त्याखालच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला होता. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना मात्र १९९० पर्यंत वाट पाहावी लागली; मधल्या काळात महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीत नवबौद्धांना सवलती दिल्या म्हणून झळ काहीशी कमी झाली. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम यांचा प्रश्न अजून अनिर्णित असून त्यासाठी २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. धर्म बदलल्याने जातीचा जाच संपला असेल तर तो पुराव्यानिशी दाखवावा. पण धर्म बदलला एवढ्याच कारणाने हक्क काढून घेणे म्हणजे शासनाने श्रद्धेवर दंड आकारणे होय.

एकट्या माणसाची श्रद्धा

शासनाची खरी परीक्षा संख्येने अगदी लहान असलेल्यांच्या बाबतीत होते. १९८५ मध्ये केरळमधील तीन भावंडांना शाळेतून काढले गेले, कारण ‘जेहोवाज विटनेसेस’ या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेनुसार ती राष्ट्रगीत म्हणत नसत. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी मात्र राहत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले, कारण त्यांच्या मौनाने कोणाचाही हक्क हिरावला जात नव्हता आणि कोणत्याही कायद्याचा भंग होत नव्हता. शिखांना कृपाण धारण करण्याची मुभा अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच आहे. अशा सवलती म्हणजे लाड नव्हेत. बहुसंख्यांची सोय पाहून बनवलेल्या नियमात जो माणूस बसत नाही त्यालाही नागरिक म्हणून सामावून घेण्याचा तो मार्ग आहे.

मात्र जेथे दुसऱ्याची झोप, आरोग्य किंवा जीव धोक्यात येतो तेथे सवलत थांबली पाहिजे. सन २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘चर्च ऑफ गॉड’ खटल्यात सांगितले की ध्वनिवर्धक लावून इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम आरतीला, अजानला, भजनाला आणि डीजेला एकाच मापाने लागू होतात. ते तसे लावले जात नाहीत तेव्हा दोष नियमाचा नसून तो राबवणाऱ्यांच्या धैर्याचा असतो. नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१३ चा कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर संमत झालेल्या या कायद्यात कोणत्याही धर्माचे नाव नाही, श्रद्धेला बंदी नाही, फक्त माणसाची फसवणूक आणि छळ यांना शिक्षा आहे.

शासनाने स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

या सर्व उदाहरणांतून शासनाच्या वर्तनासाठी तीन प्रश्न हाती लागतात. पहिला प्रश्न असा की, या निर्णयाने कोणत्याही नागरिकावर एखादा धर्म पाळण्याची किंवा सोडण्याची सक्ती होते काय? दुसरा असा की, ज्या प्रथेला शासन संरक्षण देत आहे तिच्यामुळे कोणाचा नागरी हक्क, प्रतिष्ठा किंवा आरोग्य हिरावले जाते काय? आणि तिसरा असा की, हाच नियम बहुसंख्यांच्या धर्माला आणि सर्वांत लहान पंथाला सारखाच लावण्याची शासनाची तयारी आहे काय? शासकीय खर्चालाही हे प्रश्न लागू पडतात. आषाढी वारीच्या वाटेवर पाणी, स्वच्छता आणि वैद्यकीय मदत पुरवणे हे गर्दीत आलेल्या नागरिकांच्या रक्षणाचे काम आहे, म्हणून ते योग्य; हज यात्रेचे अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला आणि २०१८ मध्ये सरकारने ते बंद केले तेही योग्य; मग अन्य धर्मांच्या यात्रांना आणि धर्मस्थळांना थेट अनुदान देतानाही तेच तत्त्व पाळले गेले पाहिजे.

सत्तेवर कोणताही पक्ष असो, त्याला आपल्या मतदारांच्या धर्माकडे झुकण्याचा मोह होणारच. तो मोह रोखण्याची ताकद संविधानाच्या कलमांइतकीच नागरिकांच्या सवयीत असते. म्हणून प्रत्येक वाचकाने शासनाच्या धर्मविषयक निर्णयाचे स्वागत किंवा निषेध करण्यापूर्वी, तोच निर्णय आपल्या धर्माऐवजी दुसऱ्याच्या धर्माबाबत झाला असता तर आपले मत काय असते, हे प्रामाणिकपणे तपासावे. दोन्ही वेळा उत्तर एकच आले तर ते मत न्यायाचे आहे. वेगळे आले तर मत बदलण्याची जबाबदारी आपली आहे.